ब्रेक बायस (रेसिंग गाड्या)

एकूण ब्रेकिंगपैकी किती टक्के पुढच्या चाकांवर आणि किती मागच्या चाकांवर टाकायचं, ते प्रमाण म्हणजे ब्रेक बायस. ५८ म्हटलं की पुढं ५८, मागं ४२. पुढं जास्त झालं तर पुढची चाकं आधी लॉक होतात (फिरायची थांबून नुसती घसरतात) आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते, मागं जास्त झालं तर गाडी गरकन फिरते, म्हणून सेटिंग थोडं पुढच्या बाजूला झुकतं ठेवतात.

पुढच्या चाकांना ब्रेक पहिल्यांदा कुणी लावला यावर वाद आहे. बऱ्याच ठिकाणी १९०३ च्या डच स्पायकरचं नाव येतं, काही जण स्कॉटलंडच्या अॅरॉल-जॉन्स्टनला (१९०९ च्या आसपास) मान देतात, तर काही आर्गाइल कंपनीतल्या आंरी पेरो यांच्या कामाला (साधारण १९१०-११). रेसिंगपुरतं बोलायचं तर १९१४ ची लिऑंची फ्रेंच ग्रां प्री ही सुरुवात धरणं जास्त पटतं, तिथं पेजो, डेलाज, फियाट आणि पिकार-पिक्टे चारी चाकांना ब्रेक लावून उतरल्या होत्या, तरी पहिले तीन नंबर पुढं ब्रेक नसलेल्या मर्सिडीजनेच नेले. १९२१ ला ले मान्सची ग्रां प्री जिंकलेल्या जिमी मर्फीच्या ड्यूसेनबर्गला हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने चालणारे) ब्रेक होते. पण एकाच मास्टर सिलिंडरमधून (पेडलच्या जोराने द्रवावर दाब आणणारा सिलिंडर) प्रेशर सगळीकडे सारखंच जातं, मग प्रमाण ठरतं ते ड्रमच्या आणि चाकातल्या सिलिंडरच्या साइजवर, ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

ते हातात आलं बॅलन्स बारमुळे. पुढच्या-मागच्या लाइनला वेगळे मास्टर सिलिंडर, दोघांना जोडणारी आट्यांची दांडी, आणि पेडलच्या नळीत बसलेलं तिचं बेअरिंग. तराजूचा काटा सरकवावा तसं बेअरिंग ज्या सिलिंडरकडं सरकेल त्याला जास्त जोर मिळतो. दोन सिलिंडरमध्ये ६४ मिमी अंतर असेल तर मध्यापासून फक्त २ मिमी सरकवलं की ५०-५० चं ५३-४७ होतं.

प्रमाण बदलावं लागतं ते वजन पुढं सरकतं म्हणून. समजा गाडी ६०० किलोची, पुढं ४५ टक्के वजन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४ मीटर, वजनाचा मध्य ०.३ मीटर उंचीवर. दीड जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट) ब्रेकिंगला ११२ किलो पुढं येतं आणि पुढचा वाटा जवळपास ६४ टक्के होतो, पावसात ०.७ जीच मिळाला तर तो ५४ च्या आतच राहतो. म्हणूनच पाऊस आला की बायस मागं घेतात.

फॉर्म्युला वनमध्ये हे काम स्टिअरिंगवरून होतं, आणि २०१४ पासून मागचा ब्रेक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलने चालतो. २०२१ ला बाकूच्या शर्यतीत रीस्टार्टला ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनचा हात चुकून बटणाला लागला, बायस पार पुढं गेला आणि पहिल्याच वळणाला गाडी सरळ बाहेर.

सोलापुरात रेस ट्रॅक नाही. इथल्या इंजिनीअरिंगच्या पोरांनी फॉर्म्युला गाडी बनवली तरी टेस्टिंग मोकळ्या, धुळीच्या जागेवर करावं लागतं, आणि तिथं चारी चाकं एकदम लॉक होतात म्हणून तोच बायस ठेवून कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर नेली तर डांबरावर ग्रिप जास्त, वजन जास्त पुढं जातं आणि मागची चाकं आधी लॉक होतात. टँडम मास्टर सिलिंडर (एकाच नळीत दोन लाइनचे दोन पिस्टन) बसवला असेल तर बॅलन्स बारच नसतो, तेव्हा डिस्क आणि तिला दाबणारा कॅलिपर निवडतानाच डांबराचं गणित करून ठेवावं, आणि बॅलन्स बार असेल तर ट्रॅकवर पोचल्यावर पहिल्यांदा तो पुढं घ्यावा.