गोळी लागली की लागू पडली?

मराठीत गोळी एकच. ती पोटात जाते आणि बंदुकीतूनही सुटते. औषध हमखास गुण देणारे असले की आपण त्याला रामबाण म्हणतो, म्हणजे वैद्याकडे जातानाही आपल्या तोंडी भाषा नेमबाजीची असते. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडला ही कोटी सुचण्यासारखी नव्हती, पण तिथला धंदा नेमका याच कोटीवर चालला होता. पोटाच्या गोळ्या विकणारे आणि शिकारीच्या बंदुका विकणारे, दोघांचेही भांडवल एकच होते: खूश झालेल्या गिऱ्हाइकांची पत्रे. एकाच्या पत्रात यकृत सुधारलेले असे, दुसऱ्याच्या पत्रात लांबवरचा पक्षी खाली आलेला असे.

गंमत अशी, की यातल्या बंदुकीची परीक्षा पत्रांवरून निघून मोजमापावर आली ती वीसेक वर्षांत. गोळीला त्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आधी गोळीवाले. थॉमस हॉलोवेने आपले मलम आणि गोळ्या बाजारात आणल्या त्या १८३७ साली, राणी गादीवर आली त्याच वर्षी. स्वतःला तो ‘प्रोफेसर’ म्हणवून घेई. कुठल्या विद्यापीठाचा, ते विचारायचे नाही. १८४२ मध्ये त्याचा जाहिरातींचा खर्च वर्षाला ५,००० पौंड होता, आणि १८८३ साली तो वारला तेव्हा हा आकडा ५०,००० पौंडांच्या आसपास गेला होता. त्याच्या जाहिरातींतले सर्वांत गाजलेले पत्र अर्ल ऑफ आल्डबरो या उमरावाचे, इटलीतल्या लिव्होर्नोहून १८४५ साली लिहिलेले. देशोदेशीच्या नामांकित डॉक्टरांना आणि कार्ल्सबाडच्या औषधी झऱ्यांनाही जे जमले नाही ते तुमच्या गोळ्यांनी केले, माझे यकृत आणि पोट बरे झाले, असा त्याचा मजकूर. ते पत्र पुढे वर्षानुवर्षे छापले जात राहिले. गोळ्यांच्या त्या पैशातून लंडनजवळ स्त्रियांसाठी एक भव्य कॉलेज उभे राहिले. १८८६ मध्ये खुद्द राणीने त्याचे उद्घाटन केले आणि आज ते लंडन विद्यापीठाचा भाग आहे. पुण्य कुठल्या वाटेने येईल सांगता येत नाही.

दुसरा थॉमस म्हणजे बीचम, लहानपणी मेंढ्या राखणारा. लँकेशरमधल्या सेंट हेलेन्स गावातून त्याने विकलेल्या गोळ्यांचे घोषवाक्य होते, ‘एका डबीचे मोल एक गिनी’. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डबी मिळायची १ शिलिंग दीड पेनीला, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटायचे की आपण लुटूनच आणली. त्या डबीत खरोखर काय आहे हे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये पृथक्करण करून छापले. काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस. सुंठ. आणि साबण. ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत निघाली अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी, आणि शिलिंग म्हणजे १२ पेनी. हिशेब केला तर विक्रीची किंमत मालाच्या १०८ पट येते. माळ ओढायला सोयीचा आकडा.

या औषधांना ‘पेटंट मेडिसिन’ म्हणत, पण बहुतेकांचे पेटंट कधी घेतलेलेच नव्हते. पेटंट घ्यायचे तर घटक जाहीर करावे लागतात, आणि काळा बोळ, सुंठ, साबण एवढे जाहीर केल्यावर उरले काय? डबीवर सरकारी तिकीट मात्र असे. ते १७८३ पासून चालत आलेल्या कराचे. किमतीतली ती वरची दीड पेनी त्याचीच. घेणाऱ्याला वाटे, सरकारने पसंतीचा शिक्का मारला आहे. विकणाऱ्याने हा गैरसमज दूर करण्याचे काही कारण नव्हते.

आता खरा प्रश्न. ही सगळी पत्रे खोटी होती का? काही नक्कीच विकत घेतलेली किंवा रचलेली असणार. पण फसवणूक म्हणून सगळा विषय मिटवला तर त्यातले विज्ञान हातातून सुटते. बरीचशी पत्रे लिहिणाऱ्यांनी मनापासून लिहिली असावीत, असे मला वाटते. त्यांना गुण आला होता. तो कशाने आला एवढेच त्यांना कळण्याची सोय नव्हती.

काळा बोळ घ्या. त्यातली द्रव्ये न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात. तिथले जिवाणू त्यांचे रूप बदलतात, आणि मग ती आतड्याला डिवचतात. पाणी शोषले जाण्याऐवजी आत राहते, आतडे जोराने आकुंचन पावते. या सगळ्याला ८ ते १२ तास लागतात. रात्री गोळी घेतली की सकाळी निकाल हातात. सुंठ होती ती मुरडा कमी व्हावा म्हणून. पाव आणि चहावर दिवस काढणाऱ्या गिरणीकामगाराला हा निकाल चमत्कारच वाटणार. आणि जी गोळी पोटावर एवढी चालते ती डोकेदुखीवर, निद्रानाशावर, उदासीवरही चालेल, हे जाहिरातीत लिहिलेले त्याला पटणार. एक गोष्ट डोळ्यांसमोर खरी ठरली की तिच्या आधाराने दहा गोष्टी खपतात.

राहिलेल्या दहा गोष्टींचे काम आपली म्हण करते: सुंठीवाचून खोकला गेला. व्हिक्टोरियन माणसाने सुंठ घेतली आणि खोकला गेला. सुंठ घेतली नसती तर तो राहिला असता का, हे पाहायला कोणी थांबले नाही. सर्दी, कंबरदुखी, अर्धशिशी, पाळीचा त्रास यांत चढ-उतार असतो. माणूस औषधाची बाटली कधी उघडतो? त्रास अगदी असह्य झाला की. म्हणजे चढाच्या टोकावर. टोकानंतर उतारच असतो, मग तुम्ही गोळी घ्या नाहीतर देव पाण्यात घालून बसा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईबाप आणि मुले यांच्या उंचीच्या मोजणीतून हाच नियम मांडला: टोकाची मोजमापे पुन्हा घेतली की सरासरीकडे सरकलेली दिसतात. गाल्टन बोलत होता उंचीबद्दल. पण त्याच काळात लोक गोळ्यांच्या डब्यांवर तोच नियम रोज अनुभवत होते आणि श्रेय बीचमला देत होते.

काही बाटल्यांत मात्र खरेच जोरकस काही असे, आणि ते जास्त भीतिदायक आहे. क्लोरोडाइन हे औषध हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेतल्या जॉन कॉलिस ब्राऊन या डॉक्टरने १८४८ च्या सुमारास कॉलऱ्यावर तयार केले. अफू, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क. मनिलामधल्या ब्रिटिश वाणिज्यदूताने कॉलऱ्यावर हेच एक औषध उपयोगी पडल्याचे कळवले आहे, असे परराष्ट्रमंत्री अर्ल रसेल यांच्या नावानिशी त्याच्या जाहिरातीत छापलेले असे. यापेक्षा वजनदार प्रशस्तिपत्र कुठून आणणार? अफूने आतडे सुस्तावते, जुलाब थांबल्यासारखे वाटतात. पण कॉलऱ्याचा रोगी जातो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि ते परत भरण्याची काही सोय त्या बाटलीत नव्हती. वाचला त्याने पत्र लिहिले. अमेरिकेतून आलेल्या मिसेस विन्स्लोच्या सिरपात तर मॉर्फिन होते, तेही दात येणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी. बाळ शांत झोपले, असे आया लिहीत. जी बाळे फारच शांत झोपली त्यांच्याविषयी कंपनीला कोण पत्र लिहिणार?

इथून आता बंदुकीकडे वळू, कारण न आलेल्या पत्रांचा प्रश्न तिथेही तसाच होता. वाघापुढे ज्याची बंदूक ऐनवेळी दगा देई तो साहेब कारखानदाराला कौतुकाचे पत्र पाठवायला परत येत नसे. आणि परत आलेला तरी काय आठवतो? वायफळ गेलेले चाळीस बार विसरतो, लांबवरून पाडलेला एक तितर मरेपर्यंत सांगतो.

त्या एका बारातही नशीब किती असते ते पाहा. पक्ष्यांच्या शिकारीची बंदूक एक गोळी झाडत नाही, मूठभर शिशाचे छर्रे झाडते. नेहमीच्या बारा बोअरच्या बंदुकीत सव्वा औंसाहून थोडे कमी शिसे भरत. मध्यम आकाराचे ते छर्रे सुमारे ३०० होत. नळीतून बाहेर पडले की ते पांगत जातात. ४० वारांवर पोचेपर्यंत साध्या नळीचे दहांतले चारच छर्रे ३० इंच व्यासाच्या वर्तुळात सापडतात. पुढे फटी एवढ्या मोठ्या होतात की आख्खा पक्षी त्यातून सहीसलामत निघून जावा. पण ८० वारांवरही एखादा भरकटलेला छर्रा मानेत बसू शकतो. बसला की पक्षी पडतो आणि कारखान्याकडे पत्र जाते. पत्रात लिहिलेले सगळे खरे असते. त्यावरून बंदुकीबद्दल मात्र काही कळत नाही.

हे ज्याने ओळखले तो माणूस मोठा मजेदार. जॉन हेन्री वॉल्श, शिकलेला शस्त्रवैद्य, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा फेलो. बंदूक फुटून त्याच्या डाव्या हाताचा बराच भाग गेलेला. ‘स्टोनहेंज’ या टोपणनावाने तो कुत्रे, घोडे आणि शिकार यांवर लिही, आणि १८५७ च्या अखेरीस ‘द फील्ड’ या शिकारी लोकांच्या साप्ताहिकाचा संपादक झाला. तेव्हा वाद पेटला होता तो ठासणीची बंदूक चांगली की मागून काडतूस घालायची नवी बंदूक चांगली, यावर. दोन्ही बाजूंची पत्रे येत होती आणि दोन्ही बाजूंचे लोक शपथेवर बोलत होते. वॉल्शने १८५८ मध्ये चेल्सीच्या क्रेमॉर्न बागेत दोन्ही जातींच्या बंदुका आणवल्या आणि कागदावर झाडायला लावल्या. पुढे १८५९, १८६६ आणि १८७५ मध्येही अशा चाचण्या झाल्या. त्यांची रीत सोपी होती. ठरलेले अंतर, ठरलेली दारू, ठरलेले छर्रे, ३० इंची वर्तुळ, आणि मग भोके मोजायची. छर्रे किती जोराने आत शिरतात हे पाहायला तपकिरी कागदाच्या गड्ड्या. आणि निकाल एका बारावर लावायचा नाही; पुष्कळ बार काढून सरासरी घ्यायची. पहिल्या खेपेला जुनी ठासणीचीच बंदूक सरस ठरली, हे मला विशेष आवडते. परीक्षा खरी आहे याची ती खूण: नव्याचे गोडवे गाणाऱ्यांना तिने निराश केले.

१८७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बंदूक कारखानदाराने दावा केला की आपल्या चोक नळीतून ३०० पैकी सरासरी २१० छर्रे वर्तुळात पडतात. म्हणजे चाराच्या जागी सात. ही नळी तोंडापाशी किंचित आवळलेली असते, जेमतेम एक मिलिमीटरने, आणि तेवढ्याने छऱ्यांचा घोळका एकवटून राहतो. लोकांना ही थाप वाटली. ग्रीनरपाशीही खुशीची पत्रे असतीलच, पण इथे ती लागली नाहीत. पुढच्या वर्षीच्या चाचणीत त्याची बंदूक पहिली आली, कारण कागदावरची भोके ग्रीनरलाही मोजता येत होती आणि त्याच्या शत्रूंनाही.

वॉल्श स्वतः शस्त्रवैद्य असून ही रीत गोळ्यांच्या डब्यांकडे का वळली नाही? कारण बंदुकीला कागद पुरतो. कागद आपोआप बरा होत नाही, कागदाला आशा नसते, आणि चुकलेला छर्रा वर्तुळाबाहेर भोक पाडून आपली नोंद ठेवतो. माणसाच्या बाबतीत चुकलेल्या बाराची नोंदच राहत नाही. ती ठेवायची तर गोळी न घेतलेले तसेच रोगी बाजूला धरून दोन्हीकडची मोजणी करावी लागते. तशी नेटकी मोजणी ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची झाली आणि १९४८ साली छापून आली. कोणाला औषध द्यायचे ते चिठ्ठ्यांसारखे आधीच ठरवून लिफाफ्यांत बंद केलेले होते. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते, न मिळालेल्या ५२ पैकी १४. वर्तुळातली भोके आणि बाहेरची भोके, दोन्ही मोजलेली.

त्याआधी गोळीवाल्यांना अडवायला रसायनशास्त्र आले, कायदाही आला, पण अडखळत. १९०९ च्या पृथक्करणाच्या पुस्तकाची जाहिरात छापायला अनेक वृत्तपत्रांनी नकार दिला. त्यांची चूल याच औषधांच्या जाहिरातींवर पेटत होती. संसदीय समितीने दोन वर्षे साक्षी घेऊन अहवाल दिला तो ४ ऑगस्ट १९१४ ला. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरले आणि अहवाल फडताळात गेला.

एका बाईने मात्र न आलेले पत्र कोर्टात नेऊन वाचून दाखवले. आपल्याकडे कायदा शिकणारी मुले करारनाम्याच्या पहिल्याच धड्यात तिला भेटतात. लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने १८९१ मध्ये जाहिरात दिली: आमचा हा कार्बोलिकची पूड भरलेला रबरी चेंडू रोज तीनदा दोन आठवडे हुंगूनही कोणाला इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, बँकेत १,००० पौंड ठेवलेही आहेत. लुइझा कार्लिलने १० शिलिंगांना चेंडू घेतला. नोव्हेंबरपासून निष्ठेने हुंगला. १७ जानेवारी १८९२ ला तिला इन्फ्लुएन्झा झाला. कंपनी म्हणाली, जाहिरातीतली भाषा इतकी मनावर घ्यायची नसते. डिसेंबरमध्ये अपील कोर्टाने सांगितले, घ्यायची असते, आणि बाईंना १०० पौंड मिळाले.

चेंडूवाल्याने लगेच नवी जाहिरात काढली. हजारो चेंडू विकले गेले आणि बक्षीस मागायला आले फक्त तिघे, असे त्यात अभिमानाने छापले होते, आणि बक्षीस वाढवून २०० पौंड केले होते. बाई मात्र १९४२ पर्यंत, ९६ वर्षांच्या होईपर्यंत जगल्या. त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूची दोन कारणे सांगितली: एक म्हातारपण, दुसरे इन्फ्लुएन्झा.