'फाएक्स': वाइनच्या साक्याला दिलेले जुने नाव

वाइनच्या पिंपात तळाशी बसणाऱ्या साक्याला लॅटिन भाषेत 'फाएक्स' म्हणत, आणि 'फाएकेस' हे त्याचे अनेकवचन. आज वैद्यकात मलासाठी रूढ असलेला 'फीसीज' हा इंग्रजी शब्द याच अनेकवचनातून आला आहे. पण अभिजात लॅटिनमध्ये त्याला विष्ठेचा अर्थ नव्हता, आणि या शब्दाचा इतिहास वाचताना ही गोष्ट आधी मनात पक्की करणे मला फार महत्त्वाचे वाटते.

द्राक्षरस आंबून वाइन होते तेव्हा सालींचे बारीक कण, मेलेले यीस्ट आणि टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक हळूहळू खाली बसतात, वरचा द्रव निवळतो आणि तळाशी चिखलासारखा दाट थर उरतो. रोमन लोकांच्या दृष्टीने हा थर टाकाऊ नव्हता. 'फाएक्स'चे लघुत्वदर्शक रूप 'फाएक्युला', आणि कॉस बेटावरची 'फाएक्युला' होरेस या कवीने मेजवानीच्या वर्णनात मुळा, लेट्यूस अशा भूक चाळवणाऱ्या पदार्थांच्या पंक्तीला बसवली आहे.

शब्दाची व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना समाधानकारकपणे लावता आलेली नाही. त्याचा लाक्षणिक वापर मात्र जुना आहे. इ.स.पू. 60 मधील एका पत्रात रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो हा केटो या राजकारण्याविषयी तक्रार करतो, की तो प्लेटोच्या आदर्श राज्यात असल्यासारखा बोलतो, रोमचा पौराणिक संस्थापक रोम्युलस याच्या 'फाएक्स'मध्ये असल्यासारखा नाही. समाजाच्या तळाशी साचलेला गाळ हा त्यातला भाव उघड आहे. ग्रीकांकडेही असाच 'ट्रिक्स' हा शब्द होता. न गाळलेली नवी वाइन आणि तिचा साका असे दोन्ही अर्थ त्यात सामावत, आणि अ‍ॅरिस्टोफेनिस या नाटककाराने त्यावरूनच सुखात्मिकेला 'ट्रिगोडिया' म्हटले.

'फाएक्स'पासून झालेल्या लॅटिन क्रियापदाची कहाणी अधिक बोलकी आहे. 'डेफाएकारे' म्हणजे गाळ काढून स्वच्छ करणे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात, यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील मेजवानीच्या वर्णनात, 'डेफाएकाटे' हे विशेषण गाळून नितळ केलेल्या उत्तम वाइनसाठी आले आहे. इंग्रजीतही 'डेफिकेट' या क्रियापदाचा आरंभीचा अर्थ शुद्ध करणे हाच होता आणि शौचाचा अर्थ त्याला बराच उशिरा चिकटला. 'फीसीज' हे नाम पंधराव्या शतकात इंग्रजीत आले ते गाळ या अर्थाने, आणि मलासाठी ते सतराव्या शतकात वापरले जाऊ लागले. शरीराने सार घेतल्यावर उरलेला भाग, या कल्पनेवरून झालेले हे अर्थांतर समजण्यासारखे आहे.

फ्रेंचमध्ये 'फाएक्युला'ला वेगळी वाट मिळाली. तिथे 'फेक्युल' म्हणजे स्टार्च, कारण किसलेला बटाटा पाण्यात धुतला की त्याचे पांढरे पीठ वाइनच्या साक्याप्रमाणेच तळाशी बसते.