रेशमाचं घटलेलं वजन आणि पॉलिमरचं कलम

सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांचे हात सुतासारखेच रेशमालाही सरावलेले. आता जिल्ह्यातले शेतकरी तुती लावून कोषही काढतात. कोष असो की लडी, भाव ठरतो किलोवर. रेशमावर कृत्रिम पॉलिमर (छोटे रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचा पदार्थ) चढवण्यामागचं एक मोठं कारण हे वजनच आहे.

कोषाच्या धाग्यात आत फायब्रॉइन नावाचं प्रथिन आणि त्यावर सेरिसिन नावाचा डिंक असतो. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात डिंक उतरवला की झळाळी येते, पण जवळपास पाव हिस्सा वजन जातं. ही घट भरून काढायला १९व्या शतकाच्या अखेरीस युरोपातले रंगारी कथलाचे क्षार वापरू लागले: आधी टिन क्लोराइड, मग फॉस्फेट, शेवटी सिलिकेट, आणि हवं तेवढं वजन येईपर्यंत पुन्हा पुन्हा बुडवणं. कापड जड आणि भरदार दिसे. माझ्या मते ही गिऱ्हाइकाची फसवणूकच होती, कारण असं रेशीम उजेडाने आणि घामाने लवकर कुजतं. त्या काळचे कितीतरी झगे आज संग्रहालयांत घडीघडीवर फाटलेले आहेत.

कलमाची, म्हणजे रेशमाच्या तंतूतच पॉलिमर वाढवण्याची वाट त्यापेक्षा खूप चांगली. २०व्या शतकाच्या उत्तरार्धात जपान आणि इटलीत ती विशेष रुळली. मेथॅक्रिलामाइड या मोनोमरच्या (पॉलिमर ज्या छोट्या रेणूंपासून बनतं त्यांच्या) आम्लधर्मी द्रावणात रेशीम ठेवायचं, त्यात पर्सल्फेट घालायचं आणि सुमारे ८० अंशांपर्यंत तापवायचं. पर्सल्फेटपासून मुक्त मूलकं (चटकन अभिक्रिया करणारे कण) तयार होतात आणि तंतूच्या आतल्या सैल रचनेत पॉलिमरच्या साखळ्या वाढतात. वजन भरून येतं, सुरकुत्या कमी पडतात आणि ओल शोषण्याचा गुणही टिकतो. मेथॅक्रिलामाइडऐवजी स्टायरिन हे मोनोमर वापरलं तर मात्र तंतू पाण्याला दूर सारू लागतो. कलमाचं प्रमाण फार वाढलं की कापड ताठर होतं, स्पर्शातली मऊ माया जाते.

आपल्याकडे ओडिशातल्या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मिथाइल मेथॅक्रिलेट या आणखी एका मोनोमरचं कलम करून पाहिलं. क्रोमियमसारख्या धातूंच्या आयनांनी (विद्युतभार असलेल्या कणांनी) ही अभिक्रिया कशी सुरू होते, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

अडचण उरते ती दोन ठिकाणी. अभिक्रिया न झालेलं मोनोमर सांडपाण्यात जातं, आणि दुकानात साडी हातात घेणाऱ्या बाईला त्यात पॉलिमर किती हे डोळ्यांनी कळत नाही. कलम केलेलं रेशीम विकायला माझी हरकत नाही. पण त्याचं प्रमाण लेबलावर टक्क्यांत छापलेलं असलंच पाहिजे.