कच्च्या हाडांचा वाद नाशिकपर्यंत कसा आला

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, कुठेही कुत्रा पाळणारे चार लोक जमले की हल्ली हा वाद निघतोच. चिकन-भात उकडून घालायचा, की मांसल हाडं कच्चीच द्यायची? शिजवलेलं हाड द्यायचं नाही, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडू शकतं. भांडण आहे ते कच्च्यावरून.

आपल्याकडे कुत्रं मांसावर वाढवायची रीतच नव्हती. मळ्यावरच्या, धनगराच्या मेंढरांमागच्या कुत्र्याला भाकरी ताकात कुस्करून मिळायची. बोकड पडला, तर हाडूक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आढळल्या. त्यामुळे ‘कुत्रा म्हणजे घरातला लांडगा’ हा कच्च्याच्या बाजूचा आवडता मुद्दा मला सगळ्यांत लंगडा वाटतो.

कुत्र्यांची बिस्किटं लंडनमध्ये १८६० च्या दशकात विकायला आली. अमेरिकेत १९२० च्या दशकात घोड्याच्या मांसाचे डबे आले आणि १९५० च्या दशकाअखेरीस यंत्रातून फुगवून काढलेले कोरडे दाणे. या दाण्यांविरुद्ध १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पशुवैद्यानं पुस्तक लिहिलं. कच्ची मांसल हाडं, थोडं काळीज (यकृत), थोडी भाजी हा त्याचा आहार. २००७ मध्ये मेलामाइन या रसायनाची भेसळ झालेल्या तयार खाद्यानं अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली, बाजारातून माल परत मागवावा लागला, आणि पाकिटावरचा विश्वास उडालेले मालक कच्च्याकडे वळले.

सगळ्यांत जास्त गैरसमज झाला तो २०१२ च्या ऑगस्टमधल्या निर्णयाचा. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनं तेव्हा कच्च्या आहाराबद्दल धोरण मंजूर केलं. मतदानाच्या आधीच गदारोळ उठला, की आता कच्चं खायला घालण्यावर बंदी येणार. बंदी घालण्याचा अधिकार त्या संघटनेला नव्हताच, आणि तसा खुलासा तिला करावा लागला. धोरण एवढंच सांगत होतं की जंतू मारण्याची प्रक्रिया न झालेलं प्राणिजन्य खाद्य कुत्र्या-मांजरांना देऊ नये, कारण त्यातून प्राण्यांना आणि माणसांना आजार होऊ शकतो. खाऊ घालण्याआधी आणि नंतर हात धुवा, भांडी घासा, उरलेलं खाणं रोज टाकून द्या, हेही त्यात होतं. कच्चं मांस पौष्टिक की निकस, दाणे चांगले की वाईट, यावर निकाल देण्यासाठी ते लिहिलेलं नव्हतं. तरी आपल्याकडे एक बाजू ‘अमेरिकेत कच्चं निषिद्ध आहे’ म्हणून त्याचा दाखला देते, आणि दुसरी ‘कंपन्यांच्या दबावाखालचा ठराव’ म्हणून तो उडवून लावते. मुळातलं वाचलं तर त्यातून निघणारा प्रश्न साधा आहे : मांस कुठून आलं, आणि ते हाताळणाऱ्या घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस आहे का. नाशिकमध्ये खरं तर हाच प्रश्न आधी विचारायला हवा, आणि तोच कुणी विचारत नाही.

हाडांनी दात साफ होतात, हा दावा मात्र पोकळ नाही. ब्राझीलमध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कच्च्या हाडांमुळे दातांवरचं कीटण थोड्याच दिवसांत बरंच कमी झालं. ती हाडं गोवंशाची होती. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासून होती. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. उरली म्हैस. ते मांस घरात आणायला किती कुटुंबं तयार होतात, हे सांगायला नको. मग हाडांचा सगळा भार कोंबडीवर आला.

आणि कोंबडी इथे स्वस्त, हाताशी. दुकानात डोळ्यांसमोर पक्षी कापतात, पिसं काढायच्या ड्रममध्ये टाकतात, मग त्याच लाकडी ठोकळ्यावर गिऱ्हाइकाचे पीस आणि त्याच सुऱ्यानं कुत्र्यासाठीच्या माना, पंजे, सांगाडे. एप्रिलच्या उन्हात ते दुपारपर्यंत तसंच पडून असतं. ‘ताजं आहे’ एवढ्यानं भागत नाही. कोंबडीच्या आतड्यातला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू ताज्या मांसावरही असतो. मेलबर्नमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अचानक पाय लुळे पडलेल्या २७ कुत्र्यांची ४७ निरोगी कुत्र्यांशी तुलना झाली, आणि त्या आजाराचा कच्च्या चिकनशी ठळक संबंध दिसला. घरच्या फ्रीजरमध्ये साल्मोनेला हा जंतूही मरत नाही, नुसता थांबून राहतो.

बर्ड फ्लू आपल्याला नवा नाही. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला, म्हणजे नाशिक विभागातच झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, अहवालात हाच विषाणू निघाला आणि खाऊ घातलेल्या चिकनवर संशय गेला. मांजरकुळाला तो कुत्र्यांपेक्षा जास्त भोवतो. पण ज्या घरात कुत्रा आणि मांजर एकाच ओट्यावरचं खातात, तिथे हा फरक फारसा कामाचा नाही.

बोकडाच्या दुकानात फोपसं फुकट मिळतं, काळीज स्वस्त पडतं. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फोपशात फीतकृमीच्या अळ्यांच्या, पाण्यानं भरलेल्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की यकृतात तशाच गाठी धरतात. कच्चं द्यायचंच असेल त्यानंही निदान ही दोन पार्सलं घरी आणू नयेत.

उकडणाऱ्यांच्या पातेल्यातही एक उणीव राहतेच. हाडं बाजूला काढलेल्या चिकन-भातात कॅल्शियम नगण्य असतं आणि फॉस्फरस त्याहून पुष्कळ जास्त. मोठ्या जातीचं पिल्लू नुसतं त्यावर वाढवलं, तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. कच्च्याची बाजू घेणारे या एका मुद्द्यावर पूर्ण बरोबर आहेत. उकडलेल्या भातात अंड्याच्या कवचाची बारीक पूड किंवा डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं कॅल्शियम घालावं लागतं, ते याच कारणासाठी.