ईपीडब्ल्यूचा इम्पॅक्ट किती, हे विचारायच्या आधी

पीएचडीला रजिस्टर झालेली पोरं हल्ली पेपर लिहायच्या आधी जर्नलचा आकडा बघतात. त्यांची चूक नाही, गाईडच तसं सांगतात. मागे ओळखीतली एक मुलगी आली होती, बीडच्या ऊसतोड कामगारांवर काम करतेय, तिचा प्रश्न एवढाच की "ईपीडब्ल्यूला पाठवू का नको? इम्पॅक्ट फॅक्टर फारच कमी दिसतोय." मी तिला लगेच उत्तर दिलं नाही कारण या प्रश्नात दोन वेगवेगळे इतिहास एकमेकांत अडकलेत, एक मुंबईतल्या एका साप्ताहिकाचा (ईपीडब्ल्यू म्हणजे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली') आणि दुसरा लायब्ररीवाल्यांनी काढलेल्या एका आकड्याचा (इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे संदर्भ इतरांनी सरासरी किती वेळा दिले तो आकडा), आणि दोन्ही सुटे करून बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

साप्ताहिकापासून सुरू करू. १९४९ च्या जानेवारीत मुंबईत सचिन चौधरींनी 'इकॉनॉमिक वीकली' काढलं. चौधरी बंगाली, शिल्पकार शंखो चौधरींचे भाऊ. देश नुकता स्वतंत्र झालेला, प्लॅनिंगची हवा, आणि आकडेवारीवर बोलणाऱ्या लोकांना लिहायला जागा कुठे तर एकतर परदेशी जर्नल नाहीतर वर्तमानपत्र. मधलं काही नव्हतंच. चौधरींनी ते मधलं काढलं, म्हणजे पुढच्या पानांवर आठवड्याची खबरबात, सरकारच्या धोरणावर टिप्पणी, बाजार, आणि मागे एखादा जाडजूड तक्ते भरलेला लेख. वाचणाऱ्यात प्रोफेसर पण आणि मंत्रालयातले अधिकारी पण. नावात इकॉनॉमिक असलं तरी फोकस कधीच नुसत्या अर्थशास्त्राचा नव्हता हे लक्षात घ्या, एम. एन. श्रीनिवास आणि इतर समाजशास्त्रज्ञांचे गावांच्या अभ्यासाचे लेख पन्नाशीच्या दशकात इथेच आले. १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी इथेच छोटासा लेख लिहून फार्म मॅनेजमेंट सर्व्हेच्या आकड्यांवरून दाखवलं की लहान शेतकऱ्याचं एकरी उत्पन्न मोठ्यापेक्षा जास्त दिसतं, आणि असं का, यावर नंतर कित्येक वर्षं भांडणं चालली. आजही डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स शिकवताना तो मुद्दा येतोच.

१९६५ च्या शेवटी मालकांशी पटेनासं झालं आणि इकॉनॉमिक वीकली बंद पडलं. मग समीक्षा ट्रस्ट उभा राहिला आणि ऑगस्ट १९६६ मध्ये नाव थोडं लांबवून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' निघालं. नावातला तो 'पोलिटिकल' उगीच चिकटवलेला नव्हता, पुढची सगळी दिशा त्यात आली. चौधरींना मात्र जेमतेम चार महिने मिळाले, त्याच डिसेंबरात ते गेले. मधे आर. के. हजारी संपादक होते, आणि मग १९६९ पासून कृष्ण राज. ते २००४ च्या जानेवारीत वारले तोपर्यंत तेच, म्हणजे पस्तीस वर्षं एकच माणूस! त्यांच्याबद्दल सगळे एकच सांगतात की नाव नसलेल्या पोराचा लेख आणि मोठ्या प्रोफेसरचा लेख ते एकाच अंकात शेजारी छापायचे. डावे, उजवे, सरकारातले, सरकारला शिव्या देणारे, सगळे एकाच पानावर.

आता जरा थांबून १९७१ च्या जानेवारीकडे बघू, कारण इम्पॅक्ट म्हणजे काय हे कुणाला दाखवायचं असेल तर मी हेच उदाहरण देतो. २ आणि ९ जानेवारीच्या लागोपाठ दोन अंकांत 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा लेख आला, लेखक वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ, दोघंही पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे. त्यांनी काय केलं, माणशी रोज २२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो ते नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या आकड्यांवरून काढलं आणि तेवढाही खर्च न झेपणारे किती ते मोजलं. उत्तर आलं की १९६०-६१ मध्ये खेड्यातले साधारण ४० टक्के आणि शहरातले साधारण ५० टक्के लोक त्या रेषेखाली. गरिबीची रेषा हा शब्द आज आपण रेशनकार्डापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सगळीकडे वापरतो. कल्पना त्यांच्या आधीपासून होती, प्लॅनिंग कमिशनच्या वर्तुळात १९६२ पासून किमान खर्चाचा आकडा फिरतच होता, पण कॅलरीला जोडून, हिशोब उघड मांडून, कुणालाही तपासता येईल असं चर्चेत आणलं ते या लेखाने. त्याच मार्चमध्ये 'गरीबी हटाओ'वर लोकसभेची निवडणूक झाली. लेखामुळे घोषणा आली असं मी म्हणत नाहीये, पण घोषणेतल्या 'गरिबी'ला आकडा कुठला लावायचा या वादात हा लेख मधोमध होता हे नक्की. दांडेकर म्हटल्यावर आपल्याला महाराष्ट्रातल्या मागास भागांचा विकासाचा अनुशेष मोजणारी दांडेकर समिती आठवते, ती नंतरची, १९८३-८४ ची. माणूस तोच.

आणि पुढची गंमत तर खास पुण्याची आहे. पां. वा. सुखात्मे, मूळ सातारा जिल्ह्यातले, रोमला एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, स्टॅटिस्टिक्सचा विभाग सांभाळून पुण्याला परत आलेले, त्यांनी म्हटलं की सरासरी कॅलरीची एकच रेघ मारणं हे स्टॅटिस्टिक्सच्या दृष्टीने चूक आहे, एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर जुळवून घेतं, तुम्ही भुकेलेल्यांचा आकडा फुगवताय. दांडेकरांचं म्हणणं, गरिबी आणि कुपोषण एकच समजू नका. सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला हे भांडण ईपीडब्ल्यूच्या पानांवर झालं, म्हणजे दोन पुणेकर, एकाच शहरात राहणारे, मुंबईच्या साप्ताहिकातून एकमेकांना उत्तरं देतायत 😄 आणि देशातले निम्मे अर्थशास्त्रज्ञ वाचतायत. त्याच सुमारास, १९८० मध्ये, कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांचा रोजगार हमी योजनेवरचा लेखही इथेच आला. महाराष्ट्राची रोहयो पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यापर्यंत गेली, त्या प्रवासात अशा लेखांचे संदर्भ पुन्हा पुन्हा येतात.

याशिवाय सत्तरीतला तो प्रसिद्ध वाद, आपली शेती भांडवलशाही झालीय का अजून जुन्याच सरंजामी वळणाची आहे, अशोक रुद्र, उत्सा पटनाईक आणि बरेच जण. तो वाद मला स्वतःला थोडा कंटाळवाणा वाटतो, पण त्याची संदर्भयादी काढायला बसलात तर सगळ्या वाटा ईपीडब्ल्यूच्या जुन्या अंकांकडेच जातात. नंतर शेती, उद्योग, स्त्री अभ्यास असे ठराविक विषयांचे आढावा अंक आले, आणि आकडेवारीचं काम बघायला १९९३ मध्ये ईपीडब्ल्यू रिसर्च फाउंडेशन निघालं.

हे झालं साप्ताहिकाचं. आता आकडा.

सायटेशन, म्हणजे एका लेखात दिलेला दुसऱ्या लेखाचा संदर्भ, मोजण्याची सुरुवात हुशारी मोजायला झालीच नव्हती, झाली पैसे वाचवायला. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांना प्रश्न पडला की लहान कॉलेजच्या लायब्ररीने केमिस्ट्रीची कुठली जर्नलं घ्यावीत, तर त्यांनी एका मोठ्या जर्नलच्या लेखांखालचे संदर्भ मोजले आणि यादी केली. बस्स. मग १९५५ मध्ये युजीन गारफिल्डने सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कुठल्या लेखाचा संदर्भ कुणी दिला याच्या सूचीची, कल्पना मांडली, साठीच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स छापून आला, आणि त्यात कुठली जर्नलं घ्यायची ते ठरवायला त्याने आणि आयर्विंग शेरने इम्पॅक्ट फॅक्टर बनवला. गणित सोपं आहे, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यावर्षी किती सायटेशन मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. सत्तरीत सोशल सायन्सचा इंडेक्स आला आणि जर्नल सायटेशन रिपोर्ट्स निघायला लागले, आणि लायब्ररीच्या ऑर्डर बुकातला हा आकडा हळूहळू माणसाच्या बायोडेटात शिरला.

अर्थशास्त्रवाले या खेळात मागे नव्हते. १९८४ मध्ये लीबोविट्झ आणि पामर यांनी अर्थशास्त्राच्या जर्नलांची यादी करताना म्हटलं की सगळी सायटेशन सारखी धरू नका, मोठ्या जर्नलकडून आलेल्या सायटेशनला जास्त वजन द्या. कल्पना चांगलीच आहे, नंतर सर्च इंजिनांनी पानं लावायला साधारण असंच काही वापरलं. पण याचा एक परिणाम असा की जे आधीच वर आहेत ते अजून वर जातात. त्यातूनच आजचे 'टॉप फाईव्ह', म्हणजे अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, इकॉनोमेट्रिका, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी, क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स आणि रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज. तिथे काय छापतं हेही मोजलंय लोकांनी, १९८५ ते २००५ या वीसेक वर्षांत या पाचांत मिळून भारतावर पेपर आले ३९ आणि अमेरिकेवर २३८३. म्हणजे बीडच्या ऊसतोडीवरच्या लेखाला वजनदार सायटेशन येणार कुठून, सांगा.

आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. ईपीडब्ल्यू साप्ताहिक आहे, वर्षाला पन्नासेक अंक, प्रत्येकात मोठे लेख शिवाय छोट्या टिप्पण्या, आणि टॉप फाईव्हमधलं क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स वर्षाला चाळीस-पंचेचाळीस पेपर छापतं. भागाकारात खालचा आकडा मोठा झाला की सरासरी खाली येणारच. दुसरं म्हणजे दोन वर्षांची खिडकी. ती पळत्या विषयांना बरी, पण आमच्याकडे लेख मुरायला वेळ लागतो, सर्व्हे करा, लिहा, लेख तपासणाऱ्या रेफरीच्या टेबलावर वर्षभर पडून राहा, मग कुठे तुमचं सायटेशन बाहेर येतं. पाच वर्षांचा आकडा नंतर आला खरा पण फॉर्मवर अजून दोन वर्षांचाच विचारतात. आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त खटकणारं, की समितीचा अहवाल, कोर्टातली याचिका, वर्तमानपत्रातला अग्रलेख, विधानसभेतला प्रश्न, एमएच्या नोट्स, यातलं काही या भागाकारात धरलं जात नाही. दांडेकर-रथ लेखाचं खरं सायटेशन कुठे सापडेल तर सरकारी फाईलींत.

मग भारतात हा आकडा एवढा डोक्यावर का बसला? २०१० च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी. प्राध्यापकांच्या प्रमोशनला एपीआय, म्हणजे कामगिरी मोजणारा, स्कोअर आला, पेपरला पॉइंट आणि इम्पॅक्ट फॅक्टरच्या पट्ट्यानुसार जादा पॉइंट. झालं, दुकानं उघडली! पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या, आणि वर 'ग्लोबल' 'युनिव्हर्सल' असली नावं लावलेले बनावट इम्पॅक्ट फॅक्टरही विकत मिळायला लागले. मलाही त्या काळात रोज असे दोन-तीन मेल यायचे, एकात तर 'डिअर सर/मॅडम' च्या पुढे दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. मग यूजीसीने स्वतःची मान्य यादी केली तर तीच घाण निघाली, भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी, पुन्हा पुणेच, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांतली हजारेक तपासून २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की ८८ टक्क्यांच्या वर निकृष्ट. मे २०१८ मध्ये ४३०५ जर्नलं यादीतून काढली. त्याच नोव्हेंबरात चांगली जर्नलं निवडायला यूजीसी-केअर जाहीर झालं, त्याचा सेल सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, आणि २०१९ च्या जूनमध्ये नवी यादी.

तोपर्यंत मुलांच्या डोक्यात दोनच प्रश्न उरले होते, केअरमध्ये आहे का आणि स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत आहे का. लेख कोण वाचतं हा प्रश्न कुणी विचारेना. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादीच बंद केली, आता चांगलं जर्नल कुठलं ते ज्याच्या त्याच्या विद्यापीठाने काही सुचवलेले निकष घेऊन ठरवायचं. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न आता तिच्या विद्यापीठाच्या कमिटीकडे गेलाय, आणि त्या कमिटीतले निम्मे लोक एपीआयच्या काळात प्रमोशन घेतलेले. मी तिला म्हटलं, ईपीडब्ल्यूला पाठव, पण मुकादमाच्या उचलीचा तक्ता आधी नीट कर, तिसऱ्या रकान्याची बेरीज चुकलीये.