अंड्याचं कवच पायातून येतं

कोंबडी सकाळी खुराड्याबाहेर आली नाही, पाय पसरून बसून राहिली, की शेजाऱ्यापाजाऱ्यांचं निदान तयार असतं: 'वारं गेलं.' हल्ली त्यात मोबाइलवरून आलेल्या दुसऱ्या निदानाची भर पडली आहे, 'मरेक्स'. दोन्हींवरचा उपाय मात्र एकच, संध्याकाळी रस्सा. मरेक्स खराच आहे आणि वाईटही आहे. पण अंड्यावर असलेल्या मोठ्या कोंबडीचे पाय एका रात्रीत गेले, तर माझा पहिला संशय तिच्या रोजच्या अंड्यावर जातो.

आधी मरेक्सचं उरकून घेऊ. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी 1907 साली कोंबड्यांमधल्या या पक्षाघाताचं वर्णन केलं. हा हर्पिस कुळातला विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि पायाकडे जाणारा मज्जातंतू सुजवतो. एक पाय पुढे ताणलेला, एक मागे, अशी पडलेली तीन-चार महिन्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, दिसली तर बहुधा हाच. औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्याबरोबर, हॅचरीतच टोचायची असते. दीड-दोन वर्षांची, कालपर्यंत अंडं देणारी कोंबडी आडवी झाली तर मात्र आधी तिला उचलून नीट बघा.

बघायचं ते संध्याकाळी, ती शांत असताना. तळवा उलटा करा. गादीवर काळी खपली आणि भोवती सूज असेल तर तो तळव्याचा गळू, उंच दांडीवरून टणक जमिनीवर उड्या मारणाऱ्या जड कोंबड्यांना होणारा. बोट चिमटीत धरा. पाय मागे ओढला तर मज्जातंतू जिवंत आहे. पंखांखालची पिसं फुंकून बघा. कोंबडीची गोचीड लाकडी खुराड्याच्या फटीत राहते आणि रात्री येऊन रक्त पिऊन जाते, पण तिची बारीक पिल्लं कातडीला काही दिवस चिकटून बसतात आणि त्यांच्या लाळेनेच पाय लुळे पडू शकतात. मग शेपटीखाली, दोन टोकदार हाडांच्या मध्ये, हलक्या हाताने दाबा. आत अंडं अडकलेलं लागलं तर ते पायाच्या मज्जातंतूंवर दाब देत असतं. तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवा, मग उबेत, अंधारात ठेवा. अंडं बोटांनी ओढून फोडायला जाऊ नका.

मान वाकडी, हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास, असं असेल तर राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. मान आणि पाय दोन्ही ढिले, आणि जवळपास मेलेलं जनावर अळ्यांनी भरलेलं, तर बोट्युलिझमची विषबाधा. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या पटापट मरू लागल्या तर कापणं, विकणं, पुरणं सगळं थांबवून आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून हे सांगण्याची गरज पडू नये.

यातलं काहीच नाही? कोंबडी तरतरीत आहे, समोर ठेवलेलं खाते, डोळे स्वच्छ, पण उभी राहत नाही? मग हाडांकडे वळायचं, आणि इथे गोष्ट फार सुंदर आहे.

एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यातलं कॅल्शियम मिळून 20 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रोज अंडं देणारी कोंबडी दररोज सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं कॅल्शियम शरीराबाहेर टाकते. कवच चढायला सुमारे 20 तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री चढतो, म्हणजे नेमका ती खात नसते तेव्हा. रक्तात त्या वेळी फिरणारं कॅल्शियम जेमतेम 10-15 मिनिटं पुरेल एवढंच. बाकीचं कुठून येतं?

पायातून. पहिल्या अंड्याच्या सुमारे दोन आठवडे आधी तलंगेच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढतं आणि मांडीच्या व नडगीच्या पोकळीत, मज्जेच्या जागी, हाडाचे बारीक काटेकाटे उगवू लागतात. हे मेड्युलरी हाड. कबुतरांच्या माद्यांत ते 1934 साली ओळखलं गेलं. वजन पेलण्याशी त्याचा संबंध जवळजवळ नाही, ती कॅल्शियमची कणगी आहे. (2005 मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइत्झर यांच्या गटाला अमेरिकेतल्या मोंटानातल्या एका टी. रेक्स डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात असंच ऊतक मिळालं, तेव्हा तो प्राणी अंड्यावर आलेली मादी होता असं त्यांनी सुचवलं.) रात्री रक्तातलं कॅल्शियम उतरलं की पॅराथायरॉइड संप्रेरक हाड विरघळवणाऱ्या पेशींना, ऑस्टिओक्लास्टना, कामाला लावतं. त्या आम्ल सोडून हाड विरघळवतात. पण हाड कॅल्शियम फॉस्फेटचं असतं आणि कवच कॅल्शियम कार्बोनेटचं. कार्बोनेट कवचग्रंथीतल्या पेशी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून, कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकराच्या मदतीने तिथेच बनवतात. हाडातून सुटलेलं फॉस्फेट मूत्रपिंडं बाहेर टाकतात. म्हणून कणगी परत भरायला नुसतं कॅल्शियम पुरत नाही, फॉस्फरस आणि डी-3 जीवनसत्त्वही लागतं.

खरी गोम पुढे आहे. इस्ट्रोजेन चढलेलं असेपर्यंत हाड घडवणाऱ्या पेशी फक्त मेड्युलरी हाड घडवतात, भार पेलणारं बाहेरचं हाड घडवणं बंद. ऑस्टिओक्लास्टना मात्र हा भेद नसतो, ते दोन्ही खातात. कणगीतलं धान्य रोज भरलं जातं, पण तिचा कूड कुरतडला जातो तो तसाच राहतो. महिन्यामागून महिने अंडी देत राहिलेल्या कोंबडीची हाडं म्हणूनच पातळ होत जातात आणि एखाद्या उडीत मोडतात. पाठीचा मणका दबला तर पाय एका क्षणात जातात. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांत हे 1950च्या दशकात पहिल्यांदा ठळकपणे नोंदवलं गेलं, 'केज लेयर फटीग' या नावाने.

कोंबडीचे रानटी पूर्वज वर्षाला दहा-पंधरा अंडी घालतात, गावठी पन्नास-साठ, खास अंड्यांसाठी पाळली जाणारी लेयर जात तीनशेवर. गावठीला मधूनमधून खुडुक बसण्याची, म्हणजे अंडी बंद करून उबवायला बसण्याची, सुट्टी मिळते. खुडुक झाली की इस्ट्रोजेन उतरतं आणि बाहेरच्या हाडाची डागडुजी पुन्हा सुरू होते. आणि आपण काय करतो? खुडुक मोडायला तिला पाण्यात बुचकळतो, नाकात पीस घालतो.

खुराकाचा हिशोबही बघा. ज्वारीच्या 100 ग्रॅम दाण्यांत 30 मिलिग्रॅमही कॅल्शियम नसतं. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गोगलगायी, पालापाचोळा टिपून थोडी भर घालते. अंगणाला जाळी मारून आत फक्त दाणे टाकले तर तेही गेलं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, पीठ करून मिसळू नका. जाडसर तुकडे पेट्यात, तोच जो कलेजीबरोबर मिळतो, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणजे गरजेच्या वेळी. वाटलेली अंड्याची टरफलंही चालतात. पिल्लांना आणि तलंगांना मात्र लेयरचं खाद्य घालू नका, त्यातल्या 3.5 ते 4 टक्के कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

पडलेल्या कोंबडीला आधी वेगळी करा, बाकीच्या टोचून मारतात. खाली भाताच्या तुसाचा जाड थर, पाणी आणि दाणे चोचीच्या उंचीवर, दिवसातून काही वेळा कूस बदलायची. कॅल्शियम आणि डी-3 किती, हे पशुवैद्याला विचारून. सकाळच्या उन्हात पाय उघडे राहू द्या. पक्ष्यांत डी-3 मुख्यतः पिसं नसलेल्या पायाच्या कातडीत तयार होतं. घरातली वेदनाशामक गोळी कुस्करून देऊ नका. डायक्लोफिनॅक ही अशीच वेदनाशामक; ती दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणूनच 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आणि लुळ्या पायाला तापलेल्या सळईचा डाग देणाऱ्याला अंगणात पाय ठेवू देऊ नका; त्याने मणकाही सरळ होत नाही आणि कॅल्शियमही वाढत नाही.

मणका शाबूत असेल तर अशी कोंबडी बऱ्याचदा आठवड्याभरात पाय टेकू लागते. त्यानंतरही पाय ढिलाच राहिला, चिमटीला प्रतिसाद नसला, तर आशा कमी. तेव्हा तिला ताटकळत ठेवायचं की नाही हे पशुवैद्याशी बोलून ठरवा. उठली तर लगेच अंड्यांची अपेक्षा नको. खुराड्यात रात्री बल्ब लावत असाल तर तो काढा. दिवस लहान झाला की अंडी थांबतात, आणि हाडाला तेवढीच उसंत हवी असते.