यूटीडब्ल्यूटी म्हणजे पूर्ण काँक्रीटचा रस्ता नव्हे

ठाण्यात रस्ता पांढरा दिसला की आपण सरसकट म्हणतो, ‘सिमेंटचा झाला’. पण कामाच्या फलकावर ‘यूटीडब्ल्यूटी’ (अल्ट्रा थिन व्हाइटटॉपिंग, म्हणजे जुन्या डांबरावर काँक्रीटचा पातळ थर) असेल, तर तिथे पूर्ण काँक्रीटचा रस्ता झालेला नाही.

पूर्ण काँक्रीटसाठी रस्ता खोल खणतात. खडीचा थर, त्यावर डीएलसी (कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट) आणि वर साधारण २५० ते ३०० मिलिमीटरचा स्लॅब. सांधे साडेचार मीटरच्या आसपास, त्यांत डॉवेल बार, म्हणजे एका स्लॅबचा भार शेजारच्या स्लॅबला देणाऱ्या सळ्या. ट्रकचा भार मुख्यतः हा स्लॅबच पेलतो.

यूटीडब्ल्यूटीत जुनं डांबर मुद्दाम ठेवतात. मशिनने वरचा भाग खरवडायचा, धूळ काढायची आणि ५० ते १०० मिलिमीटर काँक्रीट ओतायचं. (१०० ते २०० असेल तर ते थिन व्हाइटटॉपिंग.) एवढा पातळ थर एकटा जड वाहतुकीत टिकत नाही. खालच्या डांबराला तो घट्ट चिकटला, तरच दोघं मिळून एका जाड थरासारखे वाकतात आणि काँक्रीटवरचा ताण कमी होतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही. म्हणून खरवडल्यावरही खाली किमान ७५ मिलिमीटर धड डांबर उरायला हवं.

हे रस्त्यावरच तपासलं गेलं आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलला कचराभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ५० आणि ९० मिलिमीटरचे थर टाकले आणि कचऱ्याचे ट्रक त्यावरून जाऊ दिले. पुढे मिनेसोटात १९९७ पासून महामार्गावर चाचण्या झाल्या. तिथे काँक्रीट कापून केलेल्या सुमारे १.२ मीटरच्या चौकटींचे सांधे नेमके चाकाखाली आले आणि कोपरे तुटले. जरा मोठ्या, १.५ बाय १.८ मीटरच्या चौकटी जास्त टिकल्या. रस्त्यावर कापलेले ते चौकोन शोभेचे नाहीत, हे यावरून कळावं.

आपल्याकडे मला खरी काळजी पाण्याची वाटते. सांध्यांतून पाऊस आत झिरपतो, चाकांच्या दाबाने डांबराची खडी सुटू लागते आणि पकड जाते. त्यामुळे नौपाड्याच्या आतल्या गल्लीत यूटीडब्ल्यूटी मला पटतं. घोडबंदर रोडच्या अवजड वाहतुकीखाली मात्र पूर्ण काँक्रीटच हवं.

तुमच्या गल्लीत काम झालं असेल, तर कोअर, म्हणजे रस्त्यात भोक पाडून काढलेला नमुना, दाखवायला सांगा. काँक्रीट आणि डांबर एकसंध नळकांडं म्हणून बाहेर यायला हवं. जोडावरच सुटून दोन तुकडे निघाले, तर ते का सुटले याचं उत्तर बिल निघण्याआधी मागा.